फुलीवर आणलेला ठिपका

उजेडाबद्दल मला कोणी शिकवू नये. गावच्या टॉकीजमध्ये एकतीस वर्षं मशीन चालवलं मी, पडद्यावर उजेड फेकण्यात हयात गेली. आता एवढ्या वर्षांत त्या उजेडाने पडदा तसूभरही हलला नाही, ही गोष्ट वेगळी. निदान माझ्यासारख्या आठवी नापासाला तरी हललेला दिसला नाही. त्याच उजेडापायी मी काय करून बसलो, ते ऐका.

हल्ली मी अमेरिकेत, वेस्ट विंडसरला मुक्ताकडे, माझ्या लेकीकडे असतो. ती म्हणते, उजेड ढकलतो.

"कोणाला गं?"

"इलेक्ट्रॉनला, बाबा. लेझर रेणूवर पडला की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. सुटताना उजेड त्याला किंचित पुढे रेटतो. थोडा रेटा मागे उरलेल्या रेणूलाही बसतो. कोणाला किती, ते मी मोजते."

"आणि ह्याचा पगार देतात?"

"जूनपर्यंत देतील. मग काँट्रॅक्ट संपतं. गुरुवारी नव्या नोकरीचा इंटरव्ह्यू आहे, तो गेला तर व्हिसाही गेला, बॅगा भरायच्या."

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. खोडी काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. हिच्या दहावीच्या निकालाला मी तोंड पाडून घरी आलो आणि म्हणालो, "गणितात गेलीस." होती शाळेत पहिली. दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मी खिशातून पेढे काढले. हा किस्सा अजून सांगतो मी, आणि शेवटी म्हणतो, पोरीला काही झालं नाही हो, हसली नंतर.

तर गुरुवारी सकाळी मुक्ता आंघोळीला गेलेली. किचन टेबलावर लॅपटॉप उघडा, त्यात इंटरव्ह्यूला दाखवायची चित्रं. स्क्रीनवर काळोखात एक चमकता ठिपका, त्याच्याजवळ बारीक फुली. आणि ठिपका फुलीच्या मोहरीएवढा उजवीकडे. पुढचं चित्र पाहिलं, तेही तसंच. अकराच्या अकरा.

आमच्या टॉकीजमध्ये चित्र एवढं सरकलं असतं तर पब्लिकने शिट्ट्या मारल्या असत्या. माऊसने फोटो सरकवायला मला मुक्तानेच शिकवलं होतं. बसलो, आणि एकेक ठिपका नेमका फुलीवर आणला. देवाशपथ सांगतो, ही खोडी नव्हती. जन्मात पहिल्यांदा सरळ मनाने काम केलं होतं.

दुपारी ती आली. बूट काढलेच नाहीत.

"बाबा, स्लाइड्सना हात लावलात?"

"सेंटर केल्या. सगळं वाकडं होतं."

"वाकडं नव्हतं. उजेडाने ढकललं नसतं तर इलेक्ट्रॉन जिथे पडले असते, ती फुली. तिथून ठिपका जेवढा सरकला तेवढंच माझं चार वर्षांचं काम. त्यांनी विचारलं, सरकलंय कुठे? बघते तर पडद्यावर ठिपका नेमका फुलीवर."

"मग सांगायचंस ना, म्हाताऱ्याने घोळ घातला."

"आकडे मेल करते म्हटलं. ते थँक यू म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले ना, तो मला कळतो."

माझी जीभ कुठली गप्प बसते. "अगं, मोहरीएवढं तर होतं. तेवढ्याने काय होतंय?"

ती खुर्चीवर टेकली. आवाज चढवला नाही.

"दहावीलाही तुम्ही हेच केलंत, बाबा. मी दिवसभर रडले आणि तुम्ही गावभर सांगितलंत, पोरीला काही झालं नाही. आज त्या लोकांनाही तेच दाखवलंत. इलेक्ट्रॉनला काही झालं नाही."