सिंगापूरच्या मेलमधला शुक्रवार

ती घटना आठवली की मला आधी वार आठवतो, कलम नंतर.

दोन हजारचे दशक संपत आले होते. मी अंबरनाथला नेमणुकीस होतो. एका बुधवारी दुपारी मोरिवलीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात आले. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात फोरमन, मुलगी नर्स. ‘जयभीम साहेब’ म्हणून ते बसले, पण खुर्चीच्या कडेवर. पोलिसांकडे पहिल्यांदा आलेला माणूस तसाच बसतो. सराईत असतो तो रेलून बसतो.

मुलीने सिंगापूरच्या नोकरीसाठी आपली मूळ प्रमाणपत्रे तिथल्या एजन्सीकडे पाठवली होती. ती नोकरी झाली नाही. कागद कुरिअरने परत येत असतानाच इथल्या सरकारी रुग्णालयात तिची निवड झाली. सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. अशात मेल आली: पाकीट कस्टममध्ये अडकले आहे, अमुक खात्यात शुल्क भरा, अन्यथा ते नष्ट केले जाईल.

मी मेलची छापील प्रत पाहिली. वर दोन सिंह, खाली तीन शिक्के, सही ‘मुख्य जागतिक संचालकां’ची. माझ्या बढतीच्या आदेशावर एकच शिक्का होता, तोही पुसट.

वडिलांचे म्हणणे, पैसे भरू आणि मोकळे होऊ. मुलीला शंका आली, म्हणून ती त्यांना इकडे घेऊन आली होती. मात्र खातरजमेसाठी तिने मेलमधल्याच नंबरवर फोन केला होता. “इंग्लिश एकदम चांगलं होतं सर त्यांचं,” ती म्हणाली.

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि तांत्रिक माहितीसाठी वरिष्ठ कार्यालयाला पत्र धाडले. त्याचे उत्तर आले, पण तोवर आरोपी जामिनावर सुटला होता.

मेलची शेवटची ओळ अशी होती: पैसे गुरुवारपर्यंत भरावेत, शुक्रवारी डिलिव्हरी होणार नाही.

“शुक्रवारी का नाही?” मी सहज विचारले.

“शुक्रवारी आमची एमआयडीसी बंद असते ना साहेब,” फोरमन म्हणाले. घरी दिवसा कोणी नसते, म्हणून पाकिटावर कारखान्याचा पत्ता होता.

त्यांना यात काही वावगे वाटले नाही. आमच्या हवालदाराला वाटले. “काय काका, सिंगापूरच्या साहेबाला तुमची सुट्टी पाठ? आमच्या साहेबांना अजून माझी आठवत नाही.”

एजन्सीने मुलीला कुरिअरच्या पावतीची प्रत पाठवली होती. मी पावतीवरच्या नंबरवर फोन लावला. कस्टमची काहीच अडचण नव्हती. सहा दिवसांपूर्वीच पाकीट अंबरनाथ पश्चिमेच्या शाखेत पोचले होते.

गुरुवारी त्या शाखेतल्या क्लार्कला चौकशीला बोलावले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मेलबद्दल मी काहीच काढले नाही. माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून येतो, तो शेवटी विचारावा. मी डिलिव्हरीचा रोजचा क्रम विचारला. त्याने खुशीत सांगितला: सकाळी स्टेशनजवळच्या सोसायट्या, दुपारी एमआयडीसी, बदलापूर एक दिवसाआड.

“एमआयडीसी रोज?”

“शुक्रवार सोडून. शुक्रवारी तिकडे जाऊन काय करणार साहेब, वॉचमनशी गप्पा?”

मी मेलची प्रत पुढे सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. त्याने ती दोनदा वाचली आणि पाणी मागितले.

“पाकीट फोडलेलं नाही साहेब,” तो म्हणाला. “आहे तसं आहे.”

फोनवरचे चांगले इंग्रजी त्याचेच. मेल उल्हासनगरच्या एका सायबर कॅफेतून पाठवली होती आणि दोन सिंह लग्नपत्रिकेच्या नमुन्यातून उचलले होते.

पाकीट शाखेतल्या वजनकाट्यामागे सापडले, सील शाबूत. पंचनामा झाला, पण मुलीचा चेहरा उतरला. पाकीट आता मुद्देमाल होते आणि मुद्देमाल खटला संपेपर्यंत आमच्या कपाटात राहतो. चोराने आठवडाभर अडवलेले कागद आम्ही काही वर्षे अडवणार होतो, तेही कायदेशीरपणे.

शुक्रवारी सकाळी उल्हासनगरच्या न्यायालयात अर्ज दिला. फोरमनना रजा टाकावी लागली नाही. मॅजिस्ट्रेटनी मुलीला सोमवारची वेळ विचारली आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, कागद परत देण्याचा आदेश केला. पंचांसमोर पाकीट उघडले, झेरॉक्स प्रती आमच्याकडे ठेवल्या आणि मूळ कागद मुलीच्या हातात दिले. तिने एकेक कागद उलटून पाहिला. वडील बाहेरच्या बाकावर बसले, या वेळी पाठ टेकून.

फसवणाऱ्याला फार संगणक येत नव्हता. पाकिटावर मुलीचा मेलचा पत्ता आणि ‘मूळ प्रमाणपत्रे’ अशी नोंद होती; अशा कागदांची वाट पाहणारा घाईत असतो, एवढे त्याला कळले होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, मेल खरी की खोटी हे मेलमधल्याच नंबरवर विचारू नका, पावतीवरचा नंबर लावा. कस्टमचे शुल्क कुणा व्यक्तीच्या खात्यात मागितले तर तिथेच थांबा. आणि शिक्के मोजत बसण्यापेक्षा शेवटची साधी ओळ वाचा. खोटे लिहिणारा सगळी मेहनत वरच्या सिंहांवर करतो.

मुलगी नोकरीवर रुजू झाल्यावर फोरमन पेढे घेऊन आले. त्या दिवशी वार कोणता, हे मला हवालदाराला विचारावे लागले नाही.