बिनपाळीचा महिना

दर अमावस्येला झुंबरबाई गाठोडं बांधायची. दोन लुगडी, एक वाकळ आणि नवऱ्याचा पितळी तांब्या, एवढाच संसार. तो काखेत मारून ती अंगण ओलांडायची आणि दुसऱ्या लेकाच्या दारात जाऊन उभी राहायची. घर एकच होतं, पण मधोमध भिंत घातली होती. अलीकडे थोरला उकंडराव, पलीकडे धाकटा निवृत्ती.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कायदे नागपूरहून यायचे, पण अमडापुरातल्या वाटण्या मारुतीच्या पारावरच व्हायच्या. म्हातारा गेल्यावर पुंजाजी पाटील आणि पंच बसले, वावर वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर आणि गोठा कापता येईना म्हणून ते सामाईक ठेवले. मग राहिली माय. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, ज्येष्ठ पुन्हा थोरल्याचा, असं फाल्गुनापर्यंत पंचांनी बोटांवर मोजून दिलं आणि सगळे समाधानानं जेवायला गेले.

लेक वाईट नव्हते. सुनाही वाईट नव्हत्या, वेळेवर ताट वाढायच्या. वाईट असत्या तर म्हातारीला भांडता तरी आलं असतं! पण कोणत्याच घरात तिला मिठाचा डबा कुठं ठेवलाय ते माहीत नव्हतं. माहीत होईपर्यंत महिना सरायचा. रुखमाबाई, म्हणजे थोरली सून, तिखटजाळ करायची, धाकटीकडे सगळं अळणी. पोटाला एकाची सवय होते न होते तोच गाठोडं बांधायची वेळ यायची. पौषात तिला खोकला लागला, तेव्हा धाकटी म्हणाली, "आत्याबाई, आता अमोशा आलीच हाय. तिकडं गेल्यावर काढा घ्या." तिकडं गेल्यावर रुखमाबाई म्हणाली, "तिकडूनच आनला वाटते हा खोकला." काढा कोणीच केला नाही. खोकला मात्र दोन्ही घरांत इमानानं राहिला.

आणि मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिना दर दोन-तीन वर्षांनी येतो, जावयांची चैन होते, सासऱ्यांचा जीव जातो. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण वाटणीच्या दिवशी एकाही शहाण्या पंचाला तो आठवला नव्हता. वैशाखाच्या अमावस्येला झुंबरबाई नेहमीसारखी थोरल्याच्या ओट्याशी गेली, तर उकंडराव उठलाच नाही.

"माय, हा तं अधिक हाय. माह्या वाट्याचा ज्येष्ठ पुढं हाय."

निवृत्ती भिंतीपलीकडून आला. "माहा वैशाख सरला, भाऊ. आता माय तुह्याकडं."

दोघेही पंचांच्या शब्दाला धरून बोलत होते, म्हणून दोघांचाही आवाज चढत गेला. ऊन मी म्हणत होतं. गाठोडं काखेत घेऊन म्हातारी मध्ये उभी होती आणि कोणाला तिला बस म्हणायचं सुचलं नाही. हा उकंडराव तिचं जगलेलं पहिलं पोर. आधीची तीन गेली म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून लगेच उचलून घेतलं होतं, म्हणजे तरी जगेल. त्या दिवशी तिला ते आठवलं असेल की नाही, देव जाणे. मला मात्र हे सांगताना आठवतं आणि संताप येतो.

"भांडा तुमी," ती म्हणाली, "मी तिथं बसते." आणि ती सामाईक गोठ्यात गेली. तिथून तिला ऊठ म्हणायचा हक्क दोघांपैकी एकालाही नव्हता.

गोठ्यात एक भाकड गाय होती. झुंबरबाईनं एक कोपरा झाडला, सारवला, तीन दगडांची चूल मांडली. सुनांनी लाजेकाजेस्तव पीठ पाठवलं. मीठ तिनं खुंटीवरच्या गाडग्यात स्वतःच्या हातानं ठेवलं. भूक लागली की भाकर थापायची, झोप आली की आडवी व्हायची. शेजारची अन्नपूर्णाबाई, जी दोन्ही घरांत पाऊल टाकायला बिचकायची, ती रोज डाळ निवडायला येऊन बसू लागली. दोघी जुन्या गोष्टी काढून हसायच्या. काढा अन्नपूर्णाबाईनंच करून दिला आणि खोकला गेला. गालांवर थोडं मांस दिसू लागलं.

महिना संपत आला तशी झुंबरबाई स्वतःच पारावर गेली. एवढं धाडस तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

"पाटील, मले गोठ्यातच राहू द्या. बारा महिने. मले तिथं बरं वाटून राह्यलं."

पुंजाजी पाटील भला माणूस. त्याचे डोळेच भरून आले. "झुंबरबाई, दोन कर्ते लेक असतांनी तुमी गोठ्यात? चूक आमची झाली. आमी आत्ताच नीट करतो."

"चूक नाही हो पाटील, मले तेच पाह्यजे..."

पण तोवर लेकांना बोलावणं गेलं होतं. पंचांनी त्यांना चारचौघांत झापलं आणि नवा निवाडा दिला: यापुढे अधिक महिन्याचा शुद्ध पक्ष थोरल्याकडे, वद्य पक्ष धाकट्याकडे. गाव म्हणालं, न्याय झाला. लेकांनी माना खाली घालून मायला घरी नेलं. झालाच असेल न्याय, कारण त्यात कोणाचं काही गेलं नाही, म्हातारीचं सोडून.

पुन्हा पाळ्या सुरू झाल्या. खोकला परत आला. काही वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला, आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उकंडराव मायला पलीकडे पोचवायला निघाला. अंगणातून चालता चालता ती वळली आणि गोठ्यात शिरली. चुलीच्या जागी आता कडबा रचला होता. ती त्याला टेकून खाली बसली.

"माय, इकडं कुठं? दार तिकडं हाय."

"ठावं हाय मले," झुंबरबाई म्हणाली. "जराक बसू दे रे घरात. मंग ने, जिकडं न्यायचं तिकडं."