भर बाराची नोंद

मी इंग्रजीची भाषांतरं करतो आणि 'नून' शब्द दिसला की 'दुपार' लिहून मोकळा होतो. वडिलांना ते खपत नसे. सगळा जन्म बोटीवर गेलेला माणूस. "दुपार चारपर्यंत रेंगाळते," ते म्हणत, "नून म्हणजे सूर्य डोक्यावर येतो तो एकच क्षण. त्या क्षणी जहाज कुठे आहे ते लिहायचं." निवृत्तीनंतरही भाट्याच्या समुद्रकाठच्या घरात ते रोज बाराला वहीत अक्षांश-रेखांश लिहीत. आकडे रोज तेच. घर कुठे जाणार? मला हसू यायचं आणि चीडही.

आईचा अर्थ तिसराच. तिच्या लेखी ती वाईट वेळ. भर बाराला समुद्राकडे फिरकायचं नाही, बाधा होते.

शेवटचा आठवडा वडील खाटेवरून उठले नाहीत. उजवा हात लुळा पडला होता. दिवसकार्य उरकल्यावर मी वही उघडली, तर त्या सातही दिवसांच्या नोंदी होत्या. अक्षर त्यांचंच, आकडे मात्र बदललेले. फोनच्या नकाशावर टाकून पाहिले. दर दिवसाचा ठिपका भाट्याच्या किनाऱ्यापासून आदल्या दिवसाहून आणखी पश्चिमेला, भर समुद्रात.

"हे तू लिहिलंस?" मी आईवर खेकसलो.

"मी कशाला लिहू?" ती म्हणाली. "मी फक्त पुसायची. रोज बारा वाजून गेले की दारापासून खाटेपर्यंत ओली पावलं असायची. पाणी पुसलं जायचं, मीठ तेवढं लादीवर राहायचं."