मायची भेदरं आणि चिंधीची बादली

हे मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच आठवडा गेला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आजवर परीक्षेचे पेपर, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि वस्तीतल्या लोकांचे दोन-चार अर्ज, एवढंच लिहिलं आहे. पुस्तकात छापून येतं तसं लिहिणारी माणसं वेगळी असतात, हे मला कळतं. त्यातून विषय टमाट्याच्या रोपांचा. त्यावर लिहायचा हक्क, ज्याची रोपं जगली त्याचा असावा. माझी मेली, आणि मीच ती मारली. तरी लिहितो आहे, त्याबद्दल माफ करा.

आमची वस्ती मानोऱ्यापासून जीपने अर्ध्या तासावर. दसरा झाला की अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. माय आणि बाबा दरवर्षी जातात. आधी मी वसतिगृहात असायचो, म्हणून घराला कुलूप लागायचं. या वर्षी मंगरूळपीरच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आणि घरूनच एसटीने जायचं ठरलं. म्हणजे यंदा घर उघडं राहणार होतं. मायला त्याचा फार आनंद झाला, आणि त्याचं कारण मी नव्हतो. कारण तिची भेदरं होती.

आमच्याकडची जुनी माणसं टमाट्याला भेदरं म्हणतात. पण माय बाजारातल्या टमाट्याला टमाटेच म्हणते. भेदरं म्हणजे फक्त तिची. चपटी, अंगाला भोपळ्यासारखी कापं पडलेली, साल इतकी पातळ की पदराच्या ओट्यात घेऊन घरात येईपर्यंत एखादं फुटायचंच, आणि जीभ चुरचुरेल इतकी आंबट. लग्न झालं तेव्हा माहेराहून तिने हे बी आणलं. ते माहेर आता नाही. गाव धरणात गेलं, माणसं जिकडे वाट दिसली तिकडे गेली. त्या गावची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली आहे.

बी ठेवायची तिची रीत साधी आहे. पिकलेलं भेदर ती ओलसर गोवरीवर पिळते, वरून राख चोळते, गोवरी सावलीत वाळवते आणि कोनाड्यात उभी करून ठेवते. पेरायच्या वेळी गोवरी भिजवायची आणि कुस्करून मातीत मिसळायची. दरवर्षी ती दोन गोवऱ्या करते, एक पेरायला, एक राखून ठेवायला. यंदा पावसाळ्यात कोनाड्यावरचा पत्रा गळला आणि एका गोवरीला बुरशी आली. दुसरी तिने दसऱ्याआधी पेरली, तेलाचे दोन डबे आडवे कापून त्यांत. जायच्या आदल्या दिवशी मातीतून हिरवे आकडे वर आले. ती उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली.

"राखेल काहीच नाही हं आता," ती म्हणाली. "जे हाय ते ह्या डब्याईत हाय. हापशीचं पाणी हातानं शिपडजो. ओतजो नको. चार पानं आली का पयले वाटजो, मंग लावजो."

हे वाटणं तिला कधीच चुकत नाही. आपल्या परसात रोप लावण्याआधी ती शेजारच्या काकूला चार-पाच रोपं देते. नेणारी बाई रिकाम्या हाताने नेत नाही. ओंजळभर ज्वारी आणते आणि डब्यापाशी ठेवते. रोप फुकट नेलं तर लागत नाही, असं दोघीही मानतात.

पहिले दोन आठवडे मी फार चांगला मुलगा होतो. सकाळी डबे छपराखालून उन्हात आणायचो, दुपारी कॉलेजातून आलो की सावलीत. रोपं मोजली, एकेचाळीस निघाली. वहीत उंची लिहू लागलो. पानांवर बारीक लव आली. बोट लावलं की बोटाला मायच्या हाताचा वास यायचा, भेदरं तोडून आल्यावर यायचा तो.

चार पानं झाली आणि काकू लगेच हजर. काकू म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची म्हातारी, घरात ती आणि तिच्या कोंबड्या. एकुलती पोरगी शेलूबाजारकडे दिलेली.

"काय बे शिकेल माणसा, देतं का मले रोपटे?"

"काकू, अजून खोड जाड नाही झालं. आठ दिवस थांबा."

"तुह्या मायनं मले कधी थांबवलं नाही."

"माय अंदाजानं करते. पुस्तकात लिहिलं हाय, पंचवीस दिवसांच्या आधी काढू नये."

"पुस्तकाले काय भेदरं लागतेत?" असं म्हणून ती गेली. जाताना डब्यांकडे तिने असं पाहिलं की मला राग आला. खरं सांगायचं तर पुस्तकाचं अर्धंच कारण होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस जगवून मायला दाखवायची होती. कुणाला त्यातलं काही द्यायला जीव होत नव्हता.

दोन दिवसांनी कॉलेजातून आलो तर सदतीस. एका कोपऱ्यात चार खड्डे आणि डब्याजवळ ज्वारीचे दाणे सांडलेले. काकू कोंबड्यांना ज्वारी टाकते, हे मला माहीत होतं. मी भिंतीवरून ओरडलो, "काकू, तुमच्या कोंबडीनं माही चार रोपं खाल्ली!"

"माही कोंबडी तुह्यावाणी शिकेल नाही रे बाप्पा, चार मोजून खायाले," ती पलीकडून म्हणाली.

मी डब्यांभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. तिच्याशी बोलणं टाकलं.

मग दिवाळीची सुट्टी लागली. गावातल्या एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारायचं होतं, मी रोजाने गेलो. औषध कालवायला बाबांची बादली नेली. ही बादली घरात वेगळी असते. निंबाच्या खुंटीला उलटी टांगलेली आणि कडीला लाल चिंधी बांधलेली. लहानपणापासून मला माहीत आहे की चिंधीच्या बादलीला हात लावायचा नाही. आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घराला अशी एक बादली आहे. चिंधी दिसली की लेकरंसुद्धा लांबून जातात.

त्याच दिवशी घरची बादली हापशीवर पडून तडकली. पाणी आणायला दुसरं काही नव्हतं. आमच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकवतात, काचेचं भांडं तीन वेळा विसळलं की स्वच्छ. मी बादली साबणाच्या चुऱ्याने घासली आणि तीनऐवजी पाच वेळा विसळली. हुंगून पाहिलं, वास नव्हता. मग मी चिंधी सोडली. ते सोडतानाचं मला नीट आठवतं, कारण मला थोडं हसू आलं होतं. घरातल्या माणसांना जे चिंधी बांधून सांगावं लागतं ते मला समजून करता येतं, असं काहीतरी मनात होतं.

तीन दिवस मी त्याच बादलीतलं पाणी हाताने शिंपडलं. मायने सांगितलं तसंच, हाताने.

चौथ्या दिवशी शेंडे वाकलेले दिसले. आधी वाटलं, पाणी कमी पडलं. मी आणखी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी खोडं गळासारखी वळली, नवी पानं अरुंद होऊन पिळली, जणू कुणी एकेक पान चिमटीत धरून मुरगळलं होतं. मी ताक शिंपडलं, राख टाकली, डबे सावलीत नेले, परत उन्हात आणले. दिवसातून दहादा जाऊन पाहायचो. अकराव्यांदा गेल्यावर काही बरं दिसेल असं वाटायचं.

न राहवून काकूला हाक मारली. ती आली, पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बोकड्या आला का रे हा?" तिने विचारलं. पानं आखडण्याच्या रोगाला आमच्याकडे बोकड्या म्हणतात.

"माहीत नाही काकू. बी पण नाही राह्यलं. मायले काय सांगू?"

ती काहीतरी बोलायला तोंड उघडून थांबली. मग, "रडू नको," एवढंच म्हणाली आणि घाईने घरात गेली.

मी एक रोप मुळासकट प्लास्टिकच्या पन्नीत घालून मानोऱ्याला कृषी केंद्रात नेलं. दुकानदाराने पन्नी हातातसुद्धा घेतली नाही.

"तणनाशक गेलं ह्यात. पंप कोणता वापरला?"

"पंप नाही. बादली."

"धुतली होती?"

"पाच वेळा."

"पन्नास वेळा धू. टमाट्याले त्याचा वास पुरते." मग माझ्याकडे पाहून जरा नरमला. "काय रोपायसाठी तोंड पाडून बसला? हे घे पाकीट. भेदरं कोण लावते आता?"

मी पाकीट घेतलं नाही. जीपमध्ये बसलो आणि पन्नी मांडीवर धरून वस्तीवर आलो. बादली परत खुंटीला टांगली. चिंधी बांधायला शोधली तर सापडली नाही.

माय दर रविवारी दुपारी फोन करायची, ऊस भरायला गाडी येईपर्यंत त्यांना थोडी उसंत असते तेव्हा. मागे दुसऱ्या टोळ्यांच्या कोयत्यांचा आवाज यायचा.

"जेवला का?"

"जेवलो."

"रोपटे कशे हायेत?"

"चांगले हायेत."

"काकूले देल्ले?"

"देल्ले."

असं पहिलं खोटं बोललो. पुढच्या रविवारी "लावली परसात" म्हणालो, आणि ते निम्मं खरं होतं. अकरा रोपांत थोडा जीव होता, ती मी मोरीच्या पाण्याजवळ संध्याकाळी लावली, माय लावते तशीच, वरून पळसाच्या पानाची टोपी घालून. रोज सकाळी टोपी काढायची आणि खालचं वाकडं, मेणचट रोप पाहायचं. आठवडाभरात सहा गेली. उरलेल्यांना कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा आधार दिला. आधाराला लागावं इतकी ती वाढलीच नव्हती, तरी दिला. डिसेंबरात दोन उरली. त्यांतल्या एकाला तीन फुलं आली आणि गळाली. त्या रविवारी मी मायला सांगितलं, "फुलं आली." ती मागे वळून बाबांना ओरडून म्हणाली, "आयकलं का, फुलं आली म्हणते!" बाबा काहीतरी हसून बोलले. मी फोन ठेवला. आठ दिवसांत तीही दोन वाळली.

मग मी बी शोधत हिंडलो. वस्तीत घरोघरी विचारलं. सगळीकडे दुकानातलं पाकीट. आजूबाजूच्या वस्त्यांवर दोन रविवार सायकल घेऊन गेलो. एका आजीने कोनाड्यातून गोवरी काढून दिली, ती दोडक्याच्या बियांची निघाली. मंगरूळपीरच्या बाजारात एक म्हातारे चाचा भाजी विकतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"देसी टमाटर? बेटा, अब कहाँ वो. ये सब गाडी का माल है." तरी त्यांनी टोपलीत हात घालून त्यातल्या त्यात चपटं एक शोधून दिलं. "ले, अम्मी को बोल यही है. क्या पता चलेगा उनको?"

मी ते घेतलं, हे कबूल करतो. घरी येऊन चिरलं. साल जाड होती आणि वास कसलाच नव्हता. तरी ते गोवरीवर पिळलं, राख चोळली, आणि गोवरी कोनाड्यात उभी करून ठेवली. ती गोवरी तिथे चार दिवस होती. ती मायच्या हातात द्यायची, आणि माय ती खरी समजून दरवर्षी भिजवत राहणार, वाटत राहणार. पाचव्या दिवशी ती चुलीत घातली.

अभ्यास होत नव्हता. परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपराला भांडी धुण्याबद्दल एका गुणाचा प्रश्न आला. मी तो सोडून दिला.

गेल्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी ठरवलं होतं. तिने "जेवला का" विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं.

"माय, रोपं मेली. सगळी. दिवाळीतच मरू लागली होती. चिंधीच्या बादलीनं पाणी देल्लं मी. फुलं आली म्हणालो, ती गळाली होती. काकूले देल्ले तेही खोटं."

पलीकडे कोयत्यांचा आवाज थांबला नव्हता. कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला.

"बादलीचं मले आताच कळलं," माय म्हणाली. "बाकीचं सकाळी कळलं. काकूचा फोन आलता."

"काकूचा?"

"लय रडून राह्यली होती. तू थांब म्हणाला न तिले, तं राग आला. तू कॉलेजले गेल्यावर तिनं चार रोपटे काढून घेतले. पोरीच्या घरी नेऊन लावले, तुले दिसू नये म्हणून. मंग तू कोंबडीवर आळ घेतला, अन् पुढं रोपटे मेले, तं तिचं तोंडच उघडेना. अन् तिचेही जगतेत का नाही, तिले काय माहीत. चोर म्हणशीन म्हणे तू. पण तिनं जवारी ठेवली होती डब्यापाशी. तुले दिसली नाही काय?"

"दिसली. मले वाटलं कोंबड्यांची," मी रडत म्हणालो.

"रडू नको, आयक. चारातले तीन लागले. काल पयलं पिकलं. कापं पडेल हायेत अंगाले, आपल्या भेदरायसारखीच. पोरगी खाऊ म्हणे, तं काकूनं तिच्या हातातून घेतलं. कोणालेच खाऊ देल्लं नाही. गोवरीले लावून ठेवलं."