दाजींचा अखंड शाफ्ट

एका लोखंडी दांड्याच्या निवडीत आयुष्याची नऊ वर्षं घालवणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होईल असं मला वाटत नाही. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. येलदरीच्या वीजघरात ते ऑपरेटर होते. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या एका जाडजूड शाफ्टशेजारी त्यांची सगळी नोकरी गेली, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांनी त्या शाफ्टवरूनच पारखल्या. नवं जोडपं पाया पडायला आलं की दोघांकडे नीट बघून ते म्हणत, "बॅलन्स बरोबर हाय." एखादा पाहुणा फार बोलू लागला की "ह्याची बेअरिंग गेलीय" म्हणून उठून जात. मी शाळेत शिकवतो आणि उरलेला वेळ पुस्तकात घालवतो. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "मास्तर, तुमी फिरायलात लय, पर तुमच्यातून वीज काय निघंना."

त्यांच्याकडे एक जुनी निळी मोटार होती. मूळची ती अगदी गरीब स्वभावाची. दाजींनी तिला भंगारातून आणलेलं दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं आणि तिचा संसार बिघडवला. मोटारीचं इंजिन पुढे असतं आणि ढकलणारी चाकं मागे. दोहोंच्या मधे बैठकीखालून एक लांब दांडा फिरत असतो, त्याला शाफ्ट म्हणतात, हे ज्ञान मला दाजींकडूनच मिळालं. त्यांच्या मोटारीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, मधे सांधा, सांध्याला बेअरिंग. नव्या इंजिनाचा जोर त्या सांध्याला सोसेना. काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला की पायाखाली थरथर सुरू होई. तरी सकाळी धरणाच्या रस्त्यावर दाजी एकटेच ती ऐंशीने पळवत. एकदा आरसा निखळून मांडीवर पडला, तर म्हणाले, "मागचं बघायचं कारणच काय? मागून कोण येणार हाय एवढ्या जोरात?"

ही सगळी गंमतच राहिली असती. पण नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी बंद होती आणि परभणीला आईने अंथरूण धरलं होतं. मी उशाशी बसलो होतो. आई एकच विचारत होती, "आली का रे माझी लेक?" तिकडे दाजी अक्काला घेऊन निघाले होते. जिंतूरपर्यंत ठीक आले. पुढे घाईने त्यांनी काटा साठावर नेला. बोरीच्या अलीकडे मधली बेअरिंग फुटली, शाफ्टचा तुकडा रस्त्याला घासला आणि मोटार थांबली. उन्हात दोन तास उभे राहिल्यावर एक ट्रॅक्टर मिळाला. अक्का दारात उतरली तेव्हा आईला अंगणात आणलेलं होतं.

अक्का दाजींना एका शब्दाने बोलली नाही. दिवस झाल्यावर येलदरीला परत जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्या त्या गाडीत मी आता बसायची न्हाई." आणि एसटीने गेली.

त्या दिवसापासून दाजी अखंड शाफ्टच्या शोधाला लागले. सांधाच नको, बेअरिंगच नको. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एकच दांडा. ऐकायला सोपं वाटतं. पण लांब दांडा जोरात फिरला की दोरीवरच्या उड्यांतल्या दोरीसारखा मधे झोल खातो. झोल नको म्हणून जाड घ्यावा तर बैठकीच्या तळाला लागतो. हलका घ्यावा तर पिळवटतो. दाजींनी हैदराबाद, पुणे, कुठकुठल्या दुकानांना पत्रं लिहिली. व्याकरण तपासायला ती माझ्याकडे येत. "आपला शाफ्ट किती वेगाला बिघडतो, हे कृपया मनापासून कळवावे," असं एका दुकानदाराला लिहिलेलं मला आठवतं. त्याने उत्तर दिलं नाही.

आलेला प्रत्येक नमुना ते मुलगी द्यायची असल्यासारखा पारखत. एक दांडा त्यांनी देवळाच्या गुळगुळीत फरशीवर लाटून पाहिला. पुजारी धावत आले. "देवाच्या दारात हे काय लाटायलात?"

"वाकडा असला तर देवासमोर लपायचा न्हाई, काका."

तो वाकडा निघाला. दुसरा एसटीच्या टपावर टाकून परत करायला नेला, तर कंडक्टर विचारू लागला, "तोफ हाय का काय?" तिसरा जाड, चौथा जड, पाचव्याचा आवाज त्यांना आवडला नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, कुठलाही एक घ्या आणि हळू चालवा." ते म्हणाले, "हळू चालवायची अक्कल तवा यायला पायजे होती, मास्तर." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

नवव्या वर्षी हैदराबादेहून एक शाफ्ट आला आणि तो त्यांनी पसंत केला. मोटार विटांच्या थरांवर चढवून, चाकं अधांतरी ठेवून, सुतळीने माप त्यांनी स्वतः घेतलं होतं. महिनाभर एकट्यानेच चालवून पाहिली. साठ, सत्तर, ऐंशी. पायाखाली काही नाही. मग ते अक्कासमोर जाऊन उभे राहिले. मी सुट्टीसाठी तिथेच होतो. अक्काने चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले आणि म्हणाली, "चला."

अक्का नेहमीच्या रिवाजाने मागे बसली. शेजारी मी आणि शेंगांचं पोतं. जिंतूरच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच खळग्यात खालून ठक्क असा आवाज आला. पुढच्या खळग्यात पुन्हा. दाजींची मान ताठ झाली. त्यांनी मोटार कडेला घेतली, स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून बसले, आणि मला त्यांचा चेहरा पाहवेना.

"चाकं लोंबत असताना माप घेतलं," ते म्हणाले. "मागं वजन पडलं की गाडी खाली दबायलीय अन् दांडा पुढं जाऊन ठोकायलाय. अंगठाभर लांब झाला. नऊ वर्षं तुज्यासाठी मोजलं, अन् तुलाच मोजायचं ऱ्हायलं."

मला वाटलं, अक्का आता उतरून चालू लागणार. ती उतरली. पण पुढचं दार उघडून दाजींच्या शेजारी बसली. "मागं वजन नको ना? मग झालं. चला, ऊन चढायलंय."

मागे मी आणि पोतं. आमच्या वजनाची दांड्याने दखल घेतली नाही. बोरी आली तेव्हा दाजींनी वेग अगदी कमी केला. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पळवा की जराशी."

परभणीत मी दाजींना एका लेथवाल्याचं नाव सांगितलं; अंगठाभर कापून घेतला की काम संपलं असतं. दाजी हसले. "राहू द्या, मास्तर. लय दिवसांनी शेजारी बसायलीय."

पुढची चार वर्षं अक्का पुढेच बसली.

यंदा माघात दाजी गेले. ड्यूटीवरून आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत नव्हते. तेराव्यानंतर क्वार्टर रिकामं करायचं होतं. मोटार हाकायला मला दाजींनीच शिकवलं होतं, कसंबसं. सामान मागे भरलं आणि अक्कासाठी मी पुढचं दार उघडून धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, दार हलकेच लावलं आणि मागे ट्रंकांच्या मधे जागा करून बसली.

"अक्का, आवाज येईल."

"येऊ दे, बापू."

येलदरीपासून परभणीच्या घरापर्यंत प्रत्येक खळग्यात तो आला. मी वेग कमी करू लागलो की ती मागून म्हणे, "चालू दे तसंच."