खळ्याच्या कडेला काढलेल्या वहाणा

टांगा थांबला की ते आधी स्वतः उतरायचे, वहाणा काढून कडेला जोडीनं ठेवायचे, आणि मग हात पुढं करून म्हणायचे, "हां. आता बगा."

तुम्ही म्हणाल, जागा दाखवणाऱ्या माणसाला वहाणा काढायचं काय कारण? आमच्या बोलपट कंपनीतल्या मंडळींनाही तेच वाटायचं. माळ असो, ओढ्याचा काठ असो, कुणाची पडकी भिंत असो, यांच्या वहाणा कडेलाच. कॅमेरावाला एकदा हसून म्हणाला, "अहो चाचा, इथं ना देऊळ ना मशीद. काटे भरतील पायात."

"रिकामी जागा नसतीच सायेब," ते म्हणाले. "कुनाची तरी असती. आपुन पावनं."

'कुनाची तरी असती' हे त्यांचं पालुपदच होतं. पुढाऱ्यांची तासातासाची भाषणं मी ऐकली आहेत, पण मालकी आणि माणुसकी यांच्यावर याहून नेमकं वाक्य मला अजून भेटलेलं नाही.

राहायला ते सोमाटण्याला. मुसलमान घर, आज्यापासून टांग्याचा धंदा. कंपनीवाले त्यांना 'चाचा' म्हणायचे, पण सगळं मावळ त्यांना 'भाऊ' म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणायचो. युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं आणि कच्ची फिल्म कंपनीला मोजूनमापून मिळायची. आमच्या दिग्दर्शकांना एक कौटुंबिक बोलपट करायचा होता, आणि रंगवलेल्या पडद्यांचा त्यांना कंटाळा आला होता. "मला खरं गाव पाहिजे," असं म्हणत त्यांनी लोणावळ्यात एका बंगल्यात मुक्काम ठोकला आणि खरं गाव शोधायला भाऊंचा टांगा ठरवला.

मी त्या कंपनीत संवाद लिहायला होतो. त्याआधी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. पत्रकं लिहायची, जुळवायची, वाटायची, यातच मी वाढलो. रूढी दिसली की मोडायची, हे माझं तेव्हाचं एकमेव शास्त्र.

पहिल्याच दिवशी सरकारनं बंदी घातलेल्या पत्रकांचा एक गठ्ठा माझ्याबरोबर होता. तो कोणत्या पत्रकांचा हे भाऊंनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "चंदीच्या पोत्याखाली ठिवा. घोडं काय वाचत न्हाई, आन पोलीस घोड्याच्या चंदीला हात लावत न्हाई." वाटेत खाचखळगा आला, पोतं सरकलं आणि माझा पाय गठ्ठ्याला लागला. मी चटकन वाकून कागदांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आपण सगळेच लहानपणापासून करतो तसं, नकळत. भाऊंनी मागं वळून पाहिलं. तो प्रसंग मी विसरून गेलो. ते विसरले नव्हते.

जागा शोधायची त्यांची रीत पाहून दिग्दर्शक रडकुंडीला यायचे. परंदवडीत एका घराचं दार त्यांना पसंत पडलं. जाड सागवानी दार, कडीवर पितळी मोर. दिग्दर्शक थेट ओट्यावर चढायला निघाले, तर भाऊंनी त्यांचा कोट धरला. "थांबा. इचारायचं ऱ्हायलंय." मग ते घराच्या मालकीणबाईंशी, सारजामावशींशी, बोलत बसले. म्हशीचं दूध, भाताची लोंबी, गुडघ्याचं दुखणं. अर्धा तास झाला तरी दाराचा विषय नाही.

"नाहीच म्हणाल्या तर?" दिग्दर्शक माझ्या कानाशी कुजबुजले.

ते भाऊंना ऐकू गेलं. "तर दुसरं दार," ते म्हणाले. "मावशी दुसरी न्हाई मिळायची."

मावशी हसल्या आणि दार मिळालं. इतकंच नव्हे, तर टाकव्याला आपल्या माहेरी, थोरल्या भावाकडं, ऐसपैस अंगण नि खळं आहे, असंही त्यांनीच सांगितलं. अशा रीतीनं आमच्या बोलपटातलं घर उभं राहिलं. त्याचं दार परंदवडीत, अंगण आणि खळं टाकव्यात, आणि माडीची खिडकी लोणावळ्याच्या बंगल्यात. गावं तीन, घर एक. जुळवलं कुणी? भाऊंनी.

टाकव्याच्या आबांनी, म्हणजे मावशींच्या त्या भावानं, एकच अट घातली. भाताची झोडणी चालू होती. शेणानं सारवलेल्या खळ्यात पेंढ्या झोडून पडलेल्या, मधोमध भाताची रास. "रास उचलंपतूर खळ्यात कुनाचं पायतान चढायचं न्हाई. तेवढं संबाळा."

"माजी जबान," भाऊ म्हणाले. कागद नाही, सही नाही. आबांनी मान हलवली आणि गुळाचा चहा आला.

आणि नेमकी इथंच माझी चूक झाली. कथेतला थोरला मुलगा भांडून मुंबईला गेलेला असतो. सात वर्षांनी तो परत येतो, तेव्हा बाप खळ्यात असतो. या प्रसंगासाठी मी अडीच पानांचं भाषण लिहिलं होतं. जुन्या समजुतींवर, आंधळ्या परंपरेवर घणाचे घाव. आणि वर कंसात लिहिलं होतं, 'मुलगा बुटांनिशी खळ्यात शिरतो, राशीवर पाय ठेवतो.' ते बूट म्हणजे माझ्या मते क्रांती होती. दिग्दर्शकांना ते फार आवडलं. भाऊंना ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

चित्रणाच्या दिवशी मुख्य नट चकचकीत बूट घालून आला. वाद्या घोट्यापर्यंत आवळलेल्या. दिग्दर्शक त्याला समजावत होते, "इथून तरातरा आत जायचं, आणि पाय असा राशीवर."

भाऊ अनवाणी पायांनी आले आणि खळ्याच्या कडेला उभे राहिले. आवाज चढवला नाही. "सायेब, बूट काडाया सांगा."

"चाचा, बूट हीच तर सीनची गंमत आहे."

"मग गंमत दुसरीकडं करा."

"सूर्य उतरतोय! बाजूला व्हा. तुमचं काम जागा दाखवायचं होतं. दाखवलीत. संपलं."

"दावली, पर माज्या जबानीवर दावली."

दिग्दर्शक संतापले. "या घटकेपासून तुमचं काम बंद. आणि दुसरी कोणती कंपनी तुम्हाला टांग्यासकट उभं करते तेच बघतो!"

"बगा की," भाऊ म्हणाले. "तुमी उद्या गाडीत बसून जाल. माजा टांगा ह्याच रस्त्यानं जातोय, जलमभर. आबांना तोंड मला दावायचंय."

आबा पलीकडं पेंढी हातात धरून उभे होते. गावातली पंचवीस-तीस माणसं जमली होती. सगळे भाऊंकडं पाहत होते, आणि ते पाहणं शिवीपेक्षा जड होतं.

मी पुढं झालो. मला वाटलं, यांना समजावणं माझं काम. आम्ही पत्रकवाले ना! "भाऊ, अहो, तुमच्यासारख्या माणसानं असं करावं? धान्यात देव असतो, ही जुनी समजूत आहे. ती कधीतरी मोडायलाच हवी."

"देवाचं नाव मी घेतलं का? मी तर नमाजी मानूस. हे भात वरीसभर आबांच्या ताटात जानार. ताटात बूट ठिवता का तुमी?"

"तसं नाही, पण..."

"आन त्या दिशी टांग्यात कागदाला पाय लागला, तवा कपाळाला हात कुनी लावला? मी?"

"मीच," मी म्हणालो.

"कागदात देव हाय का?"

"नाही."

"मग का लावला?"

त्या कागदांसाठी माझे मित्र तुरुंगात गेले होते, म्हणून लावला. ते खिळे जुळवताना माझी बोटं काळी झाली होती, म्हणून लावला. आबांनी हे भात चिखलात उभं राहून लावलं होतं. उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते संपूर्ण भाऊंच्या बाजूचं होतं. पत्रकं वाचून जे कळलं नव्हतं ते त्या टांगेवाल्यानं तीन प्रश्नांत समजावलं. रूढी मोडावी, जरूर मोडावी. जी माणसाला माणसापासून तोडते ती मोडावी. जी माणसाच्या घामापुढं वाकायला लावते, तिला हात लावणारा मी कोण?

मी वहीतली ती अडीच पानं सगळ्यांसमोर फाडली.

"अरे, हे काय करतोस?" दिग्दर्शक ओरडले.

"मुलगा आत जाणार नाही," मी म्हणालो. "तो कडेला थांबेल. बूट काढेल, मगच जाईल. एक शब्द बोलणार नाही."

"आणि भाषण?"

"नाही."

तेवढ्यात बापाची भूमिका करणारे म्हातारे नट उठले. उभा जन्म नाटकमंडळीत काढलेला माणूस. त्यांनी आपल्या चपला काढून भाऊंच्या वहाणांशेजारी ठेवल्या, आत जाऊन पेंढी उचलली आणि म्हणाले, "मी तयार आहे. ऊन आहे तोवर उरका." दिग्दर्शक रागीट होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा गावाकडं, आणि कॅमेरा लावायला सांगितलं.

आता पुढची गंमत ऐका. आमच्या मुख्य नटाच्या बुटांच्या वाद्या रोज त्याचा नोकर बांधायचा आणि सोडायचा. कॅमेरा चालू झाला. हा खळ्याशी आला, थांबला, खाली बसला, आणि गाठ काही सुटेना! ओढली, तर आणखी आवळली. घाम फुटला. अभिनय विसरला. अखेरीस त्यानं मान वर करून समोरच्या म्हाताऱ्याकडं असं पाहिलं, जसं शाळेला निघालेलं पोर आईकडं पाहतं. म्हातारे नट पेंढी टाकून आले, त्याच्यापुढं बसले आणि सावकाश गाठ सोडू लागले. कथेत नव्हतं ते. 'कट' म्हणायला दिग्दर्शक विसरले. गाठ सुटली, मुलगा अनवाणी पायानं आत गेला, आणि फिल्म संपली.

कुणी काही बोलण्याआधी आबा म्हणाले, "भाऊ, च्या सांगू का?" एवढंच. पण भाऊंची जबान राहिली होती, आणि त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला तो फक्त घाम पुसायला नव्हता.

बोलपट लोणावळ्याच्या पत्र्याच्या थेटरात लागला, तेव्हा दुपारच्या खेळाला बैलगाड्यांची रांग लागली. सारजामावशी आबांच्या शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर सून परंदवडीच्या दारातून आत शिरली आणि टाकव्याच्या अंगणात निघाली. मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बया! आमाला माहेरी जायाला गाडीत दिसभर हाडं खिळखिळी करावी लागत्यात, आन ही एका उंबऱ्यात पोचली!"

"भाऊंना सांग, तुजंबी दार तसंच जोडून दितील," मागून कुणीतरी म्हणालं. थेटर हसून हसून दणाणलं.

मग तो प्रसंग आला. बूट. गाठ. बाप खाली बसला. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मुलाचा अनवाणी पाय खळ्यात पडला मात्र, लोकांनी टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा असा कडकडाट केला की छताचे पत्रे थरथरले. "आपलं खळं! आपलं खळं!" सांगायला आनंद वाटतो, पुण्या-मुंबईतही लोकांनी टाळी दिली ती याच जागी. माझ्या लिहिलेल्या एका वाक्यालाही तेवढी टाळी पडली नाही, आणि त्याचं मला आजवर दुःख झालेलं नाही.

दुःख, किंवा खरं तर संताप, झाला तो नामावळीचा. तीत टेबलखुर्च्या पुरवणाऱ्या दुकानाचं नाव होतं. भाऊंचं नव्हतं. दिवे लागल्यावर मी तावातावानं उठणार होतो, पण आबा माझ्याआधी बाकावर उभे राहिले. "ऐका रं! ह्या समद्या जागा ह्या भाऊंनी दावल्यात! पडद्यावर लिवलं न्हाई म्हनून सांगतो!"

थेटर उठून उभं राहिलं. भाऊ लाजून बाकाखाली शिरायचेच बाकी होते. "बसा की आबा," ते म्हणत होते, "लोकांना घरी जाऊ द्या." पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकांची चिठ्ठी आली. नव्या बोलपटासाठी जागा बघायच्या आहेत, चाचांना विचारा, आणि त्यांच्या रीतीनंच बघायच्या आहेत. ती मी भाऊंना तीनदा वाचून दाखवली. ते तिसऱ्यांदा ऐकताना घोड्याला म्हणाले, "ऐकलंस का रं?"

युद्ध संपलं आणि त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात भाऊ थोड्याशा तापानं गेले. मला उशिरा कळलं. झोडणीच्या दिवसांत मी टाकव्याला आबांना भेटायला गेलो. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात रस्त्यावर एक मोटार थांबली. कोणत्यातरी नव्या कंपनीचा तरुण जागा शोधत आला होता. कोट, टाय, हातात वही. आमची ओळख नाही, पाळख नाही. तो खळ्यापर्यंत आला, थांबला, खाली बसला आणि बुटांच्या वाद्या सोडू लागला.

आबा बघत राहिले. "हे कुनी शिकवलं तुमाला?"

"बोलपटात पाहिलं होतं," तो म्हणाला. "खळ्यात बूट घालून जात नाहीत ना?"

"व्हय. न्हाई जात."

कडेला आमच्या सगळ्यांच्या वहाणा ओळीनं होत्या. ओळीच्या सुरुवातीला एका जोडाची जागा मोकळी होती. तरुणानं आपले बूट तिथं ठेवायला हात पुढं केला.

"तितं नगं," आबा हळूच म्हणाले. "ती भाऊंची हाय. पल्याड ठिवा."