मोजणीबाईंनी गाळलेला भाग

परराष्ट्र खात्यात तिसऱ्या मजल्यावर, कुरकुरत्या पंख्याखाली मोजणीबाई बसत. नाव साहेबांनी थट्टेत ठेवलेलं, ते चिकटलं. शेजारच्या देशाचे मंत्री, राजदूत जे काही बोलत, त्याचं भाषांतर बाई संगणकाला भरवत आणि संगणक शब्द मोजून सांगे, शेजाऱ्याचा सूर चढलाय की उतरलाय. काम चोख. फक्त बाईंना पाल्हाळ अजिबात खपत नसे. भाषणाच्या सुरुवातीचे नमस्कार-चमत्कार, आभार, ‘आमचे स्नेही देश’ हे सगळं दर वेळी तेच. त्यानं आकडे बिघडतात. म्हणून तेवढं आधीच गाळायचं, असं त्यांनीच संगणकाला शिकवलं होतं.

घरीही तोच खाक्या. लेक लग्न होऊन त्याच शेजारच्या देशात राहायची. फोनवर तिचं सुरू व्हायचं, “आई, गुडघा कसा आहे? जेवलीस का?”

“ते राहू दे गं. मुद्द्याचं बोल.”

या आठवड्यात मुद्दा मोठा होता. सीमेबद्दल नाही नाही त्या अफवा उठल्या होत्या आणि लेकीला आठवा महिना. माहेरी जायचं तर शुक्रवारपर्यंत जा, त्यानंतर विमानप्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “तू सांगशील तसं करते,” लेक म्हणाली. बाईंनी संगणकानं काढलेला सुराचा आलेख पाहिला. रेघ सरळ होती, सूर चढलेला नव्हता. “राहा तिथेच, उगाच दगदग नको,” असं छातीठोकपणे सांगून त्या मोकळ्या झाल्या. तरी रात्री डोळ्याला डोळा लागेना.

शुक्रवारी दुपारी भाषांतर करणारे सहकारी डोकावले. आळशीपणात त्यांचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं.

“बाई, सुरुवातीचा भाग तुम्ही फेकूनच देता, तर मी कशाला घाम गाळू? तसाही तो आखूड झालाय.”

“आखूड म्हणजे?”

“स्नेही देशांत आपलं नाव पहिलं असायचं ना? आता घेतच नाहीत. तुमच्या लक्षात आलंच असेल म्हणा.”

गाळलेले तुकडे बाईंनी काढून ओळीनं लावले. आपलं नाव आधी पहिलं, मग मधे कुठेतरी, मग शेवटी. गेल्या तीन भाषणांत नव्हतंच. त्या धावतच साहेबांकडे गेल्या.

“हे आलेखात का दिसलं नाही?”

“मीच गाळलं होतं, साहेब.”

साहेबांनी वरच्या मजल्यावर फोन लावला.

बाईंनी जिन्यात येऊन लेकीला फोन लावला. लागेना. संध्याकाळचं विमान अजून होतं. नुसती पर्स उचलून निघ म्हणायचं, सामानाचं नंतर बघू. पुन्हा लावला, पुन्हा लावला. आपल्याच तोंडानं आपण पोरीला थांबवलं, हा विचार डोक्यातून जाईना. तेवढ्यात तिचाच फोन आला.

“आई, विमानं बंद केली. आत्ताच सांगितलं.”

बाई पायरीवर बसल्या.

“माझा गुडघा बरा आहे गं,” त्या म्हणाल्या, “आणि जेवलेय मी.”

लेकीनं विचारलं नव्हतं.